मेंढा (लेखा) : बैठकीवर उभे असलेले गाव

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावावर आलेला लेख वाचला. आमच्या झाडीपट्टीतल्या शंभरेक घरांच्या गावाला एका मोठ्या दैनिकाने अर्धे पान द्यावे, याचा मनापासून आनंद झाला. एरवी गडचिरोलीचे नाव वर्तमानपत्रात येते ते बहुतेक वेळा चकमकीच्या नाहीतर पुराच्या बातमीतून. तरीही लेख वाचून संपल्यावर मनाला रुखरुख लागून राहिली. बांबूच्या विक्रीतून गावाला मिळालेल्या कोटी रुपयांचा उल्लेख लेखात दोनदा आला, ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा मथळ्यात आली, पण हे गाव ज्या गोष्टीवर उभे आहे ती ग्रामसभेची बैठक मात्र एका वाक्यात उरकली गेली. मी धानोरा तालुक्यात एकवीस वर्षे प्राथमिक शिक्षक होतो. माझी शाळा मेंढ्यात नव्हती, पण मेंढ्याला सायकलने सहज जाता येईल इतक्या अंतरावर होती आणि तिथल्या बैठकांना मी अनेकदा मागच्या रांगेत बसलो आहे. म्हणून हे पत्र लिहावेसे वाटले. पत्र लांबले आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

ज्यांनी गाव पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागले की तीसेक किलोमीटरवर, धानोरा अगदी जवळ आलेले असताना, रस्त्याच्या कडेलाच मेंढा लागते. जवळून कठाणी नदी वाहते. मेंढा नावाची गावे आणखीही असल्यामुळे शेजारच्या लेखा गावाचे नाव कंसात जोडण्याची पद्धत पडली. वस्ती गोंड आदिवासींची, लोकसंख्या पाचशेच्या आतबाहेर. शेती धानाची आणि तीही मुख्यतः पावसावरची, त्यामुळे वर्षाची उरलेली बाजू जंगलच सांभाळते. फाल्गुन-चैत्रात पहाटे टोपल्या घेऊन मोहफुले वेचायला बाया निघतात, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा फड लागतो, चारोळी येते, पावसाळ्यात बांबूचे वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, भाजीला मिळतात, मध मिळतो, आणि धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, आटोपला की बांबूची तोडणी सुरू होते. हे जंगल थोडेथोडके नाही. सामूहिक वनहक्कात, म्हणजे साऱ्या गावाच्या मिळून मान्य झालेल्या हक्कात, नोंदलेले क्षेत्र सुमारे १,८०० हेक्टर आहे आणि गावाची शेती त्याच्यापुढे अगदीच लहान.

लेखात ‘सरकारने २००९ साली मेंढ्याला जंगल दिले’ असे वाक्य आहे. बातमीत असे लिहिण्याची सवय झाली आहे हे मी समजू शकतो, पण त्या एका क्रियापदाने सारा इतिहास उलटा होतो. २००६ चा वनहक्क कायदा हक्क ‘देण्याची’ भाषा करत नाही. तो आधीपासून असलेले हक्क मान्य करण्याची भाषा करतो आणि वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला असे उद्देशिकेतच नमूद करतो. जमीनदारी गेली आणि जंगल सरकारजमा झाले, तेव्हा गावांचे निस्ताराचे हक्क, म्हणजे घरासाठी लाकूड, जळण, गवत, बांबू आणण्याचे हक्क, कागदावर नोंदले गेले होते. पुढे त्याच जंगलातला बांबू कागद कारखान्याला तोडायला मिळाला आणि ज्याच्या घराला कुडासाठी चार बांबू हवेत तो माणूस चोर ठरू लागला. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एखाद्या घरी नवा बांबू दिसला की घरधनी आधी रस्त्याकडे बघायचा, खाकी कपडे तर येत नाहीत ना म्हणून. त्या नजरेची आठवण असलेल्या माणसाला ‘सरकारने जंगल दिले’ हे वाक्य टोचते.

दुसरी दुरुस्तीही करायला हवी. लेखात ग्रामसभा ‘जंगलाची मालक’ झाल्याचे म्हटले आहे. सामूहिक वनहक्काने जमिनीची मालकी बदलत नाही, आणि ती विकायची किंवा तोडून शेत करायची मुभाही मिळत नाही. मालकी मिळते ती बांबू, तेंदू, मोह, मध अशा गौण वनोपजावर, आणि जंगलाचे रक्षण, संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा अधिकार मिळतो. शहरी वाचकाला ‘मालक’ या शब्दाने भलतीच भीती वाटते की आता हे लोक जंगल विकून टाकतील. मेंढ्याने केले ते याच्या उलट. फळझाडे तोडायची नाहीत, वणवा लागू द्यायचा नाही, प्रत्येक घराने आळीपाळीने राखण करायची, हे नियम कायदा येण्याच्या कितीतरी आधी, गेल्या शतकाच्या अखेरीस, गावाने स्वतःवर घालून घेतले होते.

त्या काळात गाव जागे झाले ते एकदम झाले नाही. १९८० च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपटनमच्या नियोजित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. त्यात बाबा आमटे आणि आदिवासी नेते लालश्यामशहा महाराज होते, आणि गडचिरोलीतील शेकडो गावांचे लोक होते. मेंढ्याची माणसेही त्यात गेली. धरणे थांबली, पण घरी परतलेल्यांपुढे प्रश्न उरला की मोर्चा संपल्यावर उद्या सकाळी गावात काय करायचे. देवाजी तोफा यांच्यासारखी गावातली माणसे आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी या प्रश्नाला धरून काम सुरू केले. त्यातून दोन गोष्टी घडल्या, ग्रामसभा आणि अभ्यासगट. ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य, हे गोंडी वाक्य आज भिंतीवर वाचून पाहुणे छायाचित्र काढतात. पण त्या राज्याचे कामकाज कसे चालते ते पाहायला बैठकीत बसावे लागते आणि तेवढा वेळ पाहुण्यांकडे नसतो.

आपल्याकडे ग्रामसभा म्हणजे काय असते ते आपण सारे जाणतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी, ग्रामसेवकाच्या हातात कार्यवृत्ताची वही, गणपूर्ती झाली नाही म्हणून तहकूब झालेली आणि तासाभराने तिथेच पुन्हा भरलेली सभा, आणि दुसऱ्या दिवशी घरोघरी फिरणारे सह्यांचे रजिस्टर. मी स्वतः अशा कितीतरी सभांना खुर्च्या मांडून दिल्या आहेत. गटग्रामपंचायतीत तर लहान टोल्याचे, म्हणजे पाड्याचे, लोक दोन-तीन किलोमीटर चालत येणार, आणि बोलणार मोठ्या गावचे चार जण. राज्यघटनेतील व्याख्येप्रमाणे ग्रामसभा ही मतदार यादीशी आणि पंचायतीच्या क्षेत्राशी बांधलेली आहे. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित, म्हणजे आदिवासी म्हणून घोषित केलेल्या, क्षेत्रासाठी वेगळे म्हणतो, की आपल्या रूढी-परंपरेनुसार स्वतःचा कारभार चालवणारी वस्ती, मग तो एखादा टोला का असेना, हेच गाव. मेंढा हे लेखा ग्रामपंचायतीतले एक लहान गाव होते, पण आपली ग्रामसभा ते त्याआधीपासूनच आपल्यापुरती भरवत होते. कायद्याने नंतर मान्य केलेली गोष्ट त्यांनी आधी करून पाहिली होती.

तिथे मत मोजत नाहीत. हात वर करून बहुमताने ठराव होत नाही. सगळ्यांना पटेपर्यंत बोलायचे आणि पटले नाही तर विषय पुढच्या बैठकीवर न्यायचा. हे ऐकायला सोपे वाटते. एकदा मी गेलो होतो तेव्हा त्या वर्षी जंगलाच्या कोणत्या बाजूने बांबूतोडीला सुरुवात करायची, एवढाच विषय होता. रस्त्याजवळचा भाग सोयीचा, गाडी आतपर्यंत जाते, हे सगळ्या पुरुषांना पटलेले होते आणि माझ्या मते विषय पाच मिनिटांत संपायला हवा होता. इतक्यात भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी बोलू लागली. मला गोंडी समजते, बोलता मात्र तोडकीमोडकी येते. तिचे म्हणणे असे होते की त्या भागात मोहाची झाडे जास्त आहेत, तोडणी लांबली तर चैत्रात तिथे बांबूचा पालापाचोळा आणि फाट्यांचा ढीग असेल, बायांनी फुले कशावर वेचायची? कोणीतरी म्हणाले, तोपर्यंत साफ करून देऊ. ती म्हणाली, ‘दरवर्षी हेच म्हणता.’ मग थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. एकाने बिडी पेटवायला बाहेर जाण्यासाठी उठून पुन्हा बसकण मारली. अखेर त्या दिवशी ठराव झालाच नाही. पुढच्या बैठकीला मी नव्हतो, पण नंतर कळले की तोडणी आतल्या बाजूने सुरू करून मोहाखालचा भाग सर्वांत शेवटी, आणि आधी साफसफाईची माणसे ठरवून मग घ्यायचा, असे ठरले. म्हातारीने होकार दिला तेव्हाच वहीत लिहिले गेले.

मला त्या वेळी वाटले होते की हा वेळेचा अपव्यय आहे. आज तसे वाटत नाही. बहुमताने ठरले असते तर वर्षभर त्या विषयावर घराघरांत धुसफूस राहिली असती, आणि ज्यांचा विरोध होता त्यांनी राखणीच्या पाळीला यायचे टाळले असते. १,८०० हेक्टर जंगल चौकीदार नेमून राखता येत नाही. ते राखायचे तर शेवटच्या घरालाही ‘हे मी ठरवले आहे’ असे वाटावे लागते. मेंढ्याच्या सर्वसहमतीचा मला कळलेला अर्थ हा इतका व्यवहारी आहे, आणि आपल्या लेखात नेमका तोच निसटला.

अभ्यासगटाविषयी तर लेखात अवाक्षर नाही. ग्रामसभा निर्णय घेते. अभ्यासगट निर्णय घेत नाही, तो फक्त समजून घेतो. ज्याला एखाद्या विषयात रस आहे तो त्यात बसतो, बाहेरचा जाणकार बोलावला जातो, कायद्याचे कलम मोठ्याने वाचून त्याचा गोंडीत अर्थ लावला जातो. मधमाश्या न मारता मध कसा काढायचा यावर असाच अभ्यास झाला. वनहक्क कायद्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले तेव्हा बहुतेक गावांना हा कायदा फक्त वैयक्तिक शेतजमिनीच्या पट्ट्यांसाठी आहे असे सांगितले जात होते. मेंढ्यातल्या लोकांनी तो वाचला होता, म्हणून त्यांनी सामूहिक हक्काचा दावा टाकला, आणि २००९ साली शेजारच्या मर्दा गावासोबत देशात सर्वांत आधी तो मान्य करून घेतला.

पुढचा प्रसंग वृत्तपत्रांत तेव्हा आला होता, पण नव्या वाचकांसाठी तो पुन्हा सांगायला हवा. हक्काचा कागद हाती आला तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनखाते देईना. खात्याच्या लेखी १९२७ च्या भारतीय वन कायद्याप्रमाणे बांबू हे ‘झाड’ होते, तर वनहक्क कायद्याच्या व्याख्येत बांबूचे नाव गौण वनोपजात स्वच्छ लिहिलेले होते. म्हणजे बांबू गावाचा, पण गावाच्या शिवेबाहेर नेला तर गुन्हा. दीड वर्षाहून अधिक काळ हा तिढा राहिला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, केंद्राने नियमांत दुरुस्ती केली आणि वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे किंवा तिने नेमलेल्या व्यक्तीकडे असेल असे देशभरासाठी लिहिले गेले. आज ओडिशातले किंवा छत्तीसगडमधले एखादे गाव आपल्या सहीने बांबूची गाडी रवाना करू शकते, ते या नियमामुळे. लेखातला कोटीचा आकडा या सगळ्याच्या नंतरचा आहे.

आणि तो बांबू तोडतात कसा, हेही पाहण्यासारखे आहे. एका हिवाळ्यात मी एका तोडकऱ्यासोबत जंगलात गेलो होतो. बांबूच्या बेटाजवळ तो लगेच कोयता चालवत नाही. आधी बेटाभोवती एक फेरी मारतो. यंदाच्या पावसाळ्यात उगवलेल्या बांबूवर अजून आवरणाची साले चिकटलेली असतात आणि अंगावर पांढरट भुकटी असते. बोट फिरवले तर बोटाला लागते. तो सोडायचा. पिकलेला बांबू पिवळसर, टणक, वाजवला तर ठणठणीत. तोडायचा तोही जमिनीपासून वीतभर वर, पेराच्या जरा वर, म्हणजे खुंटात पाणी साचून तो सडणार नाही. आणि बेटात काही पिकलेले बांबू मुद्दाम राखायचे, कारण नव्या कोंबाला आधार त्यांचाच असतो. कोवळा कोंब चुकून दुखावला गेला तेव्हा त्या तोडकऱ्याने ‘अरे’ म्हणून जीभ चावली, जणू कोणाच्या पायावर पाय पडला. कंत्राटी तोडणीत मोजणी नगावर असते, त्यामुळे हाताला लागेल ते तोडले जाते आणि चार-पाच वर्षांत बेट मान टाकते. इथे तोच माणूस पुढच्या हंगामातही त्याच बेटाकडे येणार असतो.

२०१३ मध्ये गावाने आणखी पुढचे पाऊल टाकले. महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ हा कायदा विनोबांच्या चळवळीतून आलेला आणि पुस्तकात झोपून राहिलेला होता. त्याखाली मेंढ्याच्या लोकांनी आपली खासगी शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले. ग्रामदानात कसणारा कसतच राहतो, वारसाहक्क चालू राहतो, विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी निघतो, आणि जमीन गावाबाहेरच्याला विकता येत नाही. ज्या राज्यात एक गुंठा जमिनीसाठी सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात, तिथे साठेक वर्षे जुन्या विचाराला आजच्या पिढीने सही करून होकार द्यावा, ही माझ्या मते कोटीपेक्षा मोठी बातमी आहे. ठराव झाल्यावरही सरकारी पातळीवरची कार्यवाही पूर्ण व्हावी म्हणून ग्रामसभेला वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागला.

लेखाचा शेवट ‘प्रत्येक गावाने मेंढ्याचा आदर्श घ्यावा’ असा आहे. भावना चांगली आहे, पण गडचिरोलीत सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा आज हजाराहून अधिक आहेत आणि त्यांपैकी सगळ्या मेंढ्यासारख्या चालत नाहीत, हे लिहिल्यावाचून चित्र पूर्ण होत नाही. माझ्या ओळखीच्या एका गावाचे उदाहरण देतो. नाव देत नाही, कारण त्यांना आधीच पुरेसा मनस्ताप झाला आहे. हक्काचा कागद आला, तेंदूच्या हंगामात ठेकेदार आला, पुड्याला, म्हणजे पानांच्या जुडीला, चांगला भाव सांगितला, करारनाम्यावर समितीच्या अध्यक्षांनी आणि सचिवांनी सह्या केल्या. करार चार पानी होता आणि तो कोणीही वाचला नव्हता. पैसे किती दिवसांत द्यायचे, अनामत किती ठेवायची, उशीर झाला तर काय, यांपैकी एकही अट त्यात नव्हती. पाला गेला, अर्धे पैसे आले, अर्ध्यांसाठी दोन वर्षे खेटे झाले. मी निवृत्त झालो होतो. त्यांच्यासाठी अर्ज लिहून देण्यापलीकडे माझ्या हातून काही झाले नाही. त्या गावाला जंगल मेंढ्याइतकेच चांगले आहे, माणसेही तितकीच कष्टाळू आहेत. तिथे नव्हती ती सही करण्याआधी एकत्र बसून वाचायची सवय, आणि ती लावायला मेंढ्याला वीस वर्षे लागली होती.

म्हणून माझ्या आपणांकडे दोन मागण्या आहेत. पहिली म्हणजे, आदर्श गाव म्हणून एकाच गावाकडे पुन्हा पुन्हा जाण्याऐवजी आपल्या वार्ताहराने तेंदूच्या आणि बांबूच्या हंगामात धानोरा, कोरची, कुरखेडा, एटापल्ली, भामरागड या तालुक्यांतल्या ग्रामसभांना भेट द्यावी आणि तिथे करार कसे होतात, पैसे वेळेवर मिळतात का, हिशेब गावापुढे मांडला जातो का, हे छापावे. ठेकेदाराने पैसे थकवल्याची बातमी राजधानीत छापून आली की त्याचा परिणाम होतो, हे आम्ही अनुभवाने जाणतो. दुसरी मागणी अशी की, सामूहिक वनहक्क मान्य झालेल्या किती गावांच्या हक्कांची नोंद अभिलेखात झाली, किती गावांना नकाशे मिळाले आणि व्यवस्थापन आराखड्यासाठी किती गावांना प्रत्यक्ष मदत मिळाली, हे प्रश्न आपण शासनाला विचारावेत. हे प्रश्न ग्रामसभा विचारतातच. पण तालुक्याच्या कार्यालयात त्यांना ‘पुढच्या सोमवारी या’ असे उत्तर मिळते, आणि सोमवारी येण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते.

आपल्या लेखिकेला मेंढ्याला पुन्हा जाणे जमले तर एक विनंती आहे. भिंतीवरच्या घोषणेजवळ न थांबता त्यांनी बैठकीच्या दिवशी जावे, मागे बसावे आणि संपेपर्यंत उठू नये. अंधार पडेल, शेवटची बस निघून जाईल. गावात मुक्कामाची सोय होते, आणि जेवायला भात असतो.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, जि. गडचिरोली